रिकाम्या बाटलीची जयणा

पारणे आटोपते, पंगत उठते, पाहुण्यांच्या गाड्या निघतात आणि मंडपाच्या कडेला जे उरते त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पत्रावळी गोळा होतात, भांडी धुतली जातात, उरलेले अन्न वेळेत मार्गी लागते. पण खुर्च्यांखाली, गवतात, व्यासपीठाच्या मागे पाण्याच्या छोट्या बाटल्या तशाच पडून राहतात. कुणात दोन घोट, कुणात अर्धे पाणी. झाकणे बहुतेकांची हरवलेली. ज्या समाजाने पाणी गाळून पिण्याचा आचार शतकानुशतके जपला, गाळल्यावर वस्त्रावर उरलेली जिवाणीसुद्धा ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडण्याची काळजी घेतली, त्याच समाजाच्या मंडपात हे दृश्य दिसावे, ही विसंगती डोळ्यांआड करण्यासारखी नाही.

या बाटल्यांवर सुचलेला घरगुती उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. महिला मंडळाच्या स्पर्धेत, पाठशाळेच्या उन्हाळी शिबिरात, शाळेच्या प्रदर्शनात बाटलीपासून फुलदाणी होते, पेन ठेवायचे भांडे होते, चमकी लावलेला दिवा होतो. मुलांचे हात गुंततात, कौतुक होते, बक्षीसही मिळते. मात्र दोन महिन्यांनी ती फुलदाणी माळ्यावर जाते आणि दिवाळीच्या सफाईत कचऱ्यात. रंग, गोंद आणि चमकी लागलेली ती बाटली आता भंगारवालाही घेत नाही. म्हणजे जी वस्तू पुन्हा कारखान्यात जाऊन उपयोगी पडली असती, ती सजावटीच्या नादात कायमचा कचरा होऊन बसते. बाटलीपासून वस्तू करावी की करू नये, हा प्रश्नच नाही. वस्तू कोणती करावी आणि तिचे काम संपल्यावर तिला कोठे पोहोचवावे, हा प्रश्न आहे. व्यापारी घराला तो अवघड वाटू नये, कारण जमेबरोबर नावे बाजूही लिहिण्याची सवय त्याच्या रक्तात असते.

हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. तीनशे पानांच्या एका पंगतीत माणशी दोन छोट्या बाटल्या धरल्या तर सहाशे बाटल्या होतात. एक बाटली दहा ग्रॅमची मानली तरी सारा ढीग भरतो सहा किलो. वजनाने किरकोळ, आकाराने मात्र अवाढव्य. या सहाशेंपैकी एखाद्या घराला खरोखर उपयोगी पडतील अशा वस्तू किती होणार? दहा, फार तर वीस. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अभ्यासातून पुढे आलेला आणि नंतर वारंवार सांगितला गेलेला एक अंदाज आहे. भारतात पेट प्लास्टिकपैकी सुमारे ९० टक्के पुन्हा वापरात येते : ६५ टक्के नोंदणीकृत कारखान्यांतून, १५ टक्के असंघटित क्षेत्रातून आणि १० टक्के घरोघरच्या पुनर्वापरातून. घराचा वाटा एक दशांश. तो लहान आहे, पण नगण्य नाही. शिवाय उरलेल्या नऊ हिश्श्यांचे भवितव्यसुद्धा बाटली घरातून कोणत्या स्थितीत बाहेर पडते यावरच ठरते.

वैनगंगेच्या काठी

मोठ्या शहरापेक्षा लहान वसाहतीत हे चक्र अधिक स्पष्ट दिसते. नागपूरहून राष्ट्रीय महामार्गाने भंडाऱ्याकडे जाताना ठाणा पेट्रोलपंपाच्या थांब्यावरून जवाहरनगरकडे रस्ता वळतो. आयुधनिर्माणीभोवती वसलेले हे गाव. अशा वसाहतीत दुकाने मोजकी असतात आणि महामार्गावरचा थांबा म्हटला की पाण्याच्या बाटल्यांची विक्री ओघानेच येते. विदर्भाचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो तेव्हा प्रवासी गाडीतून उतरतो, बाटली विकत घेतो, अर्धी पितो आणि रिकामी खिडकीबाहेर सोडतो. प्लास्टिक वितळवणारा कारखाना अशा गावात नसतो. बाटलीचा तिथवरचा प्रवास भंगारवाल्याच्या हातगाडीपासून सुरू होतो. ज्या बाटल्या त्या हाताला लागत नाहीत त्यांची वाट पावसाळा ठरवतो. महामार्गाकडेची नाली, मग ओढा, मग वैनगंगा. पवनी तालुक्यात गोसीखुर्दचा विस्तीर्ण जलाशय त्या नदीवरच उभा आहे. पुढे वर्धेला मिळून ती प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत विसावते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. भंडारा जिल्ह्यातल्या एका नालीचे पाणी शेवटी समुद्राला पोहोचते, ही गोष्ट पुढे येणाऱ्या एका प्रसंगासाठी ध्यानात ठेवावी.

भंडाऱ्याची जुनी ओळख मात्र वेगळी आहे. पितळी भांड्यांसाठी हे गाव नावाजलेले. पितळेच्या व्यवहारात कचरा हा शब्दच नव्हता. घागरीला भोक पडले, तपेल्याचा काठ फाटला, की ते भांडे मोडीत जाई. मोडीचे वजन होई, तिचा भाव नव्या भांड्याच्या किमतीतून वजा होई आणि तोच धातू पुन्हा भट्टीत उतरे. आजीच्या हंड्यातले पितळ नातीच्या ताटात असण्याचा संभव होता. विकणाऱ्याने जुने परत घेणे आणि विकत घेणाऱ्याने ते जपून परत आणणे, या दोन सवयींवर तो व्यवहार चालला. प्लास्टिकच्या बाटलीला मोड आहे, भाव आहे, भट्टीही आहे. फक्त जपून परत देण्याची सवय तिच्याबरोबर आली नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या प्लास्टिक अधिसूचनेत बाटल्यांच्या परत-खरेदीची तरतूद केली ती हीच सवय लावण्यासाठी. देशभर १ जुलै २०२२ पासून ज्या एकल-वापर वस्तूंवर बंदी आली, त्यांत पाण्याची बाटली नाही. कायद्याने तिला मोकळीक दिली असल्यामुळे ती कशी हाताळायची हे ठरवणे ग्राहकाकडेच आले आहे.

दुकानातला तागा आणि हातातली बाटली

कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या वाचकांना एक गोष्ट विशेष वाटेल. पाण्याची पारदर्शक बाटली ज्या द्रव्याची असते ते पेट, म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, आणि पॉलिएस्टर साडीचा धागा ही एकाच द्रव्याची दोन रूपे आहेत. हे द्रव्य प्रथम कापडासाठीच जन्माला आले. इंग्लंडमधील कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापड छापणाऱ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये ते सिद्ध केले. टेरिलीन हे त्याचे बाजारातले नाव जुन्या पिढीला आठवत असेल. त्याची बाटली होऊ शकते हे जगाला कळायला आणखी तीन दशके जावी लागली. नॅथॅनियल वाइथ या अमेरिकी अभियंत्याला १९७३ मध्ये पेट बाटलीचे पेटंट मिळाले.

म्हणूनच बाटलीपासून पुन्हा धागा होतो. गोळा केलेल्या बाटल्यांची रंगानुसार निवड होते, वेष्टणे काढली जातात, बारीक तुकडे होतात, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ते धुतले जातात आणि वितळवून त्यांचे तंतू ओढले जातात. उशीतला कृत्रिम कापूस, सतरंजी, बनियन, शाळेची बॅग, यांपैकी कशातही ती जुनी बाटली असू शकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान संसदेत निळ्या रंगाचे बिनबाह्यांचे जाकीट घालून आले होते. ते अशा बाटल्यांच्या धाग्याचे होते. इंडियन ऑइलने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच प्रकारचे गणवेश योजले, आणि एका गणवेशाला सुमारे २८ बाटल्या लागतात असे सांगितले.

निवडीचे एक रहस्य घरच्या बादलीतही पाहता येते. बाटलीचा तुकडा आणि झाकणाचा तुकडा पाण्यात टाकला तर बाटली बुडते, झाकण तरंगते. दोन्ही प्लास्टिकच, पण जात वेगळी. झाकणाचे प्लास्टिक पाण्याहून हलके. कारखान्यातही ती दोन याच युक्तीने वेगळी होतात. पाठशाळेतल्या मुलांना चमकी लावायला शिकवण्याआधी हा प्रयोग दाखवला तर अधिक शिकवल्यासारखे होईल. रंग फासलेला, गोंद लागलेला तुकडाही बुडतोच आणि चांगल्या तुकड्यांत मिसळून सारा घाण खराब करतो. घरी वस्तू करताना रंग नको आणि गोंद नको, हा नियम त्यामुळे सौंदर्यदृष्टीचा नसून मोडीच्या भावाचा आहे.

जी वस्तू विकत आणावी लागली असती

उपयोगी वस्तूची सोपी कसोटी ही : ती केली नसती तर तिच्या जागी दुसरी एखादी विकत आणावी लागली असती का? नरसाळे या कसोटीला सर्वप्रथम उतरते. एक लिटरच्या बाटलीचा वरचा तिसरा हिस्सा सरळ कापला की तेलाच्या डब्यातून बरणीत ओतायचे नरसाळे तयार. कापलेला काठ हाताला लागतो, त्यासाठी एक युक्ती आहे. इस्त्री मध्यम तापवावी, तिच्या पृष्ठावर बटर पेपर धरावा आणि काठ त्यावर हलकेच टेकवून फिरवावा. तो आत वळतो आणि गुळगुळीत होतो. खिडकी उघडी असावी आणि हे काम मोठ्यांनीच करावे. गरम तेलासाठी मात्र हे नरसाळे चालणार नाही. त्याचे कारण पुढे आहे.

पावसाळ्यात सर्वांत कामाला येते ते बाटलीचे तोंड. गळ्याखाली दोन बोटे अंतर ठेवून ते कापावे, डाळीच्या किंवा पापडाच्या पिशवीचे तोंड त्यातून आतून बाहेर ओढावे, कड बाहेरच्या बाजूने उलटवावी आणि वरून झाकण फिरवावे. पिशवी घट्ट बंद होते, दमट हवा आत जात नाही. चातुर्मासात ज्या घरांत धान्य-मसाल्यांत जीवोत्पत्ती होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली जाते, तेथे हे आठ-दहा गळे वर्षभर चालतात. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची मानली जाते; दळण आणल्याची तिथी लिहिलेली चिठ्ठी याच गळ्याला दोऱ्याने बांधून ठेवता येते. किराणा दुकानात मुठीच्या पाच लिटरी डब्याचा खालचा भाग तिरका कापून डाळ-तांदूळ उपसायचा मोठा चमचा होतो. मोजण्याचे काम अर्थात तराजूचेच.

बाटलीची दोरी हा प्रकार आपल्याकडे कमी परिचयाचा आहे आणि तोच सर्वांत टिकाऊ आहे. लाकडाच्या तुकड्याला खाच पाडून तीत पाते आडवे बसवायचे, बाटलीचा तळ कापून टाकायचा आणि काठ खाचेतून ओढत न्यायचा. बाटली फिरत जाते आणि पाच मिलिमीटरची अखंड पट्टी निघत राहते. साध्या गणिताने, सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर घेराच्या गुळगुळीत बाटलीतून आठ-नऊ मीटर पट्टी मिळते. सुतळीने जे बांधायचे ते हिनेही बांधता येते, पण हिच्यात एक जादा गुण आहे. बाटली घडवताना प्लास्टिक गरम असताना ताणून फुगवलेले असते; त्याला पुन्हा उष्णता मिळाली की ते आक्रसते. विळ्याची सैल मूठ, खाटेचा डुगडुगणारा पाया, बागेतल्या बांबूंचा सांधा, यांवर पट्टी गुंडाळून गाठ मारावी आणि वरून उकळते पाणी ओतावे किंवा केस वाळवण्याचे यंत्र धरावे. पट्टी आवळत जाते आणि सांधा पक्का बसतो. उकळते पाणी ओतण्यापूर्वी खाली मुंगी-किडा नाही ना, हे पाहण्याची आठवण जैन घराला करून द्यावी लागू नये. याच पट्ट्यांचा झाडूही करतात. पण तो ताठ, खरखरीत असतो. जेथे केर काढताना जीव वाचवायचा तेथे मऊ केरसुणीच हवी.

यात्रेला निघताना कुंड्यांची चिंता असते. शिखरजीला किंवा पालीताण्याला आठ-दहा दिवस लागतात, शेजाऱ्यावर भार टाकायचा नसतो. बाटलीच्या झाकणाला बारीक सुईने छिद्र पाडावे, तळाला एक छोटे छिद्र ठेवावे, पाणी भरून ती कुंडीतल्या मातीत उलटी रोवावी. पाणी थेंबथेंब झिरपते. ते किती दिवस पुरेल हे छिद्रावर आणि मातीवर अवलंबून असल्याने निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा लावून पाहावे.

पक्ष्यांच्या पाण्याचा विषय जीवदयेचा म्हणून त्यात अधिक बारकाईने शिरायला हवे. उन्हाळा लागला की बाटल्या कापून फांद्यांना टांगल्या जातात, त्यांची छायाचित्रे निघतात. हेतू निर्मळ असतो; रचना मात्र बहुधा चुकीची. कापलेला काठ पक्ष्याच्या पायाला लागतो, उन्हात प्लास्टिकमधले पाणी तापते आणि अरुंद भांड्यात पाय टेकायला जागा नसते. यासाठी मातीचा पसरट परळच चांगला. पाणी त्यात गार राहते. बाटलीचे काम परळ भरता ठेवण्याचे. झाकण लावलेल्या बाटलीला झाकणाच्या किंचित वर एक छिद्र पाडावे, ते बोटाने दाबून बाटली भरावी आणि उलटी परळात उभी करून कठड्याला बांधावी. परळातले पाणी छिद्रापर्यंत चढले की बाहेरची हवा आत शिरत नाही आणि पाणी थांबते. पक्षी प्याले, पातळी उतरली, की बाटली तेवढेच पाणी पुन्हा सोडते. परळाचा काठ छिद्राहून उंच हवा, एवढेच पाहायचे. जागा सावलीची असावी. परळ रोज धुवावा. आठ-दहा दिवस पाणी तसेच राहिले तर त्यात डासांची पिढी वाढते, आणि मग जीवदयेच्या भांड्याजवळच कीटकनाशक फवारण्याची पाळी येते.

बाहेर उन्हात ठेवलेल्या कोणत्याही बाटलीला आयुष्य मर्यादित आहे. ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ होते, त्याचे कण मातीत मिसळतात. दोन उन्हाळे झाले की ती बाटली तडकण्याआधी काढून घ्यावी. बाटल्यांत प्लास्टिकचे कागद ठासून त्यांच्या विटा रचण्याचा एक प्रकार अलीकडे बराच गाजला. भिंत उभी राहते हे खरे. पण त्या विटेतल्या बाटलीची मोड मात्र कायमची गेली.

जे कधीच करू नये

बाटलीचा घरातला सर्वांत प्रचलित पुनर्वापर कोणत्याही हस्तकलेच्या पुस्तकात सापडत नाही. तो म्हणजे पाण्याच्या बाटलीत फिनाइल, ॲसिड, रॉकेल, टर्पेंटाइन किंवा शेतीचे औषध भरून ठेवणे. किरकोळ विक्रीत दुकानदारही ते भरून देतात. ॲसिड पाण्यासारखे दिसते, बाटली पाण्याचीच असते आणि तहानलेले मूल वेष्टण वाचत नाही. अशा अपघातात अन्ननलिका जळते, आणि ती इजा आयुष्यभराची असते. येथे कसलीही तडजोड नको. विषारी द्रव त्याच्या मूळ डब्यात, नाव दिसेल असे, मुलांच्या हाताबाहेर असावे. पाण्याच्या बाटलीत कधीही नसावे. ज्यांच्या दुकानात या वस्तू विकल्या जातात त्यांनी तर सुटा माल पाण्याच्या बाटलीत देण्यास स्वच्छ नकार द्यावा. एक गिऱ्हाईक नाराज होईल, तेवढे सोसावे.

दुसरी चूक तपस्वी घरांत अधिक घडते. उपवास, आयंबिल किंवा वर्षीतप चालू असताना उकळलेले पाणी बरोबर न्यावे लागते, आणि घाईत ते गरम असतानाच पाण्याच्या जुन्या बाटलीत भरले जाते. पेट सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. बाटली वाकडी झालेली दिसते ती यामुळेच. हे प्लास्टिक तयार करताना अँटिमनी या धातूचे संयुग वापरतात आणि तापमान वाढले की त्याचे सूक्ष्म अंश पाण्यात उतरण्याचे प्रमाण वाढते, हे प्रयोगांत दिसले आहे. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत पडून राहिलेल्या बाटलीलाही हेच लागू. पक्क्या पाण्याला स्टीलचा थर्मासच हवा. आचाराची शुद्धता सांभाळण्यासाठी पाणी उकळायचे आणि ते अशा भांड्यात ओतायचे, हे पटण्यासारखे नाही.

झाकण

आता त्या समुद्राकडे वळायचे, जेथे वैनगंगेचे पाणी शेवटी पोहोचते. हिंदी महासागरात ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतील कोकोस कीलिंग नावाची छोटी बेटे आहेत. तेथील किनाऱ्यावर वाहून आलेल्या प्लास्टिकचा अभ्यास जेनिफर लेव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. शंखात राहणारे खेकडे उघड्या तोंडाच्या बाटल्यांत आणि डब्यांत शिरतात. आतली भिंत गुळगुळीत, तोंड वरच्या बाजूला, त्यामुळे बाहेर येता येत नाही आणि ते आतच मरतात. एक मेला की त्याच्या गंधाने दुसरा येतो, कारण या खेकड्यांच्या जगात एकाचा मृत्यू म्हणजे रिकामा झालेला शंख, दुसऱ्याला मिळू शकणारे घर. अशी रांग लागत जाते. कोकोस बेटांवर ५ लाख ८ हजार आणि प्रशांत महासागरातील हेंडरसन बेटावर ६१ हजार खेकडे या रीतीने मेले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे.

जवाहरनगरच्या नालीत किंवा मंडपामागच्या गवतात खेकड्यांऐवजी मुंग्या, माश्या, भुंगे आणि चिचुंद्री असतात, एवढाच फरक. सरबताचा गोड थेंब राहिलेली उघडी बाटली त्यांच्यासाठी तोच सापळा.

जैन आचारधर्मात या गोष्टीला फार पूर्वीपासून नाव आहे. साधूंच्या पाच समितींतील पाचवी उत्सर्ग समिती. श्वेतांबर परंपरेत तिला परिष्ठापनिका म्हणतात आणि बोलण्यात परठवणे हा शब्द रूढ आहे. नको असलेली वस्तू टाकायची ती जागा पाहून, जीव नाहीत याची खात्री करून. एखाद्या धर्माने वस्तू घेण्याइतकेच वस्तू टाकण्याला व्रताच्या पातळीवर आणून ठेवावे, हे विरळा आहे. ही समिती साधूंची खरी, पण श्रावकाच्या अनर्थदंड विरमण व्रतातही प्रमादाचरणाचा त्याग येतो : गरज नसताना, निष्काळजीपणाने घडणारी हिंसा. उघडी फेकलेली बाटली याहून दुसरे काय आहे? तिच्यामागे द्वेष नाही, लोभ नाही, साधा प्रमाद आहे.

उपाय इतका छोटा आहे की तो सांगायला संकोच वाटावा. बाटली पूर्ण रिकामी करायची, उरलेले पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचे, बाटली निथळू द्यायची, दाबून चपटी करायची आणि झाकण घट्ट लावायचे. बंद बाटलीत जीव शिरत नाही, पाणी साचत नाही, आणि चपटी केलेली पोत्यात चौपट मावते. रंगीत आणि बिनरंगी वेगळ्या ठेवल्या तर भंगारवाल्याचा वेळ वाचतो. बिनरंगीला भावही जास्त. ते पोते त्याच्याशी घासाघीस करून विकण्याचे कारण नाही. सहा किलोंचे पैसे घराला कळणारही नाहीत, त्याच्या दिवसाला मात्र कळतात.

या हातांविषयीही दोन शब्द हवेत. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली तेव्हा तिचे नाव ठेवले गेले कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कागद, काच, पत्रा. नावात प्लास्टिक नाही. तीस वर्षांत पोत्यातला माल किती बदलला, हे त्या नावावरून मोजता येते. बाटल्यांच्या पुनर्वापराचा जो मोठा आकडा देश अभिमानाने सांगतो तो या वेचणाऱ्यांच्या, बहुतांशी स्त्रियांच्या, वाकलेल्या पाठीवर उभा आहे. पंगतीच्या दुसऱ्या दिवशी खरकट्यात लडबडलेल्या बाटल्या हातांनी वेगळ्या करणारी व्यक्ती आणि स्वच्छ, कोरड्या बाटल्यांचे पोते दारातून उचलणारी व्यक्ती एकच असते. तिचा दिवस कसा जाणार हे पंगत देणारे ठरवतात.

आणि पंगतीतच सहाशेऐवजी साठ बाटल्या लागल्या तर? ज्या संघांनी पुन्हा माठ आणि स्टीलचे पेले आणले, त्यांना एक गोष्ट लवकर कळते : पेले घेणे सोपे असते, ते धुण्याची व्यवस्था अवघड. दोनशे पेले, त्यांच्यासाठी वेगळे टेबल, गाळलेले पाणी भरणारा एक आणि पेले विसळणारे दोघे, एवढी तजवीज निमंत्रणपत्रिका छापण्याआधी करावी लागते. खर्चाची तुलना केली तर पेल्यांची रक्कम काही कार्यक्रमांत वसूल होते, धुणाऱ्यांचे वेतन मात्र दर वेळी लागते. ते लाभार्थ्यांच्या यादीत एका नावाने लिहिता येईल. प्रभावनेतही प्लास्टिकच्या डब्याऐवजी पूर्वीसारखी स्टीलची वाटी किंवा भंडाऱ्याचे छोटे पितळी भांडे दिले तर ते वीस वर्षांनी मोडीत तरी जाईल.

पेले कितीही आणले तरी प्रवासात, दवाखान्यात, उन्हाळ्याच्या घाईत बाटली येतच राहणार. त्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराआड दोन पिशव्या पुरतात. एकीत बिनरंगी बाटल्या, झाकण लावलेल्या; दुसरीत रंगीत. घरी केलेले नरसाळे तडकले, परळावरची बाटली ठिसूळ झाली, पट्टीची दोरी सुटली, की ते तुकडे धुऊन याच पिशवीत जातात. गोंद आणि रंग लावलेला नसल्यामुळे तराजूत टाकताना भंगारवाला ते बाजूला काढत नाही.